कार्बनचा बाजार – ५ : सातबारा चोख, विहिरीचं काय?

मागच्या भागात आपण पाहिलं, की एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखल्याचा किंवा हवेतून काढून घेतल्याचा दाखला. कंपनीनं तो स्वतःच्या प्रदूषणापोटी वापरला, की नोंदवहीत तो ‘रिटायर’ होतो, पुन्हा विकता येत नाही. तरीही तोच टन दोघांच्या गळ्यात मारला जाण्याची धास्ती असतेच. ब्लॉकचेनवाले पुढे आले ते इथे. त्यांची वही कुणा एकाच्या कपाटात नसते. अनेक संगणकांवर तिच्या प्रती असतात आणि पडलेली नोंद गुपचूप खोडता येत नाही.

युक्ती चांगली होती. तिचं प्रत्यक्षात काय झालं, ते ‘टूकन’च्या उदाहरणात दिसतं.

ऑक्टोबर २०२१मध्ये टूकन सुरू झालं ते पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर. पॉलिगॉनची सुरुवात भारतीय तरुणांनीच केलेली. रीत अशी : अमेरिकेतल्या ‘व्हेरा’ या संस्थेच्या नोंदवहीत आपलं क्रेडिट रिटायर करायचं, त्याचा दाखला टूकनला द्यायचा आणि बदल्यात टोकन, म्हणजे त्या टनाची ब्लॉकचेनवरची विकता येणारी नोंद, घ्यायचं. ही टोकनं मग एका सामायिक साठ्यात टाकता येत. तिथे २००८ किंवा त्यानंतरचा टन असला की पुरे; प्रकल्प कुठला, कसला, हे फारसं कुणी विचारत नव्हतं. साठ्यातल्या प्रत्येक टनाला एकच भाव. आता आंब्याच्या प्रत्येक पेटीला सरसकट एकच भाव मिळणार असेल, तर हापूसची पेटी घेऊन कोण येईल?

त्याच महिन्यात ‘क्लायमाडाओ’ हा गट उभा राहिला. हे टन विकत घेऊन साठवायचे, म्हणजे बाजारात टंचाई होईल, भाव चढेल आणि प्रदूषण महाग पडेल, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या स्वतःच्या टोकनचा भाव सुरुवातीला ३,००० डॉलरच्या वर गेला. पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत तो काही डॉलरवर आला होता. (सट्ट्याला पर्यावरणाचा टिळा लावला, म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही.)

या उलाढालीत साठ्यात नेमकं काय आलं? ‘कार्बनप्लॅन’ या अभ्यासगटानं एप्रिल २०२२मध्ये ते तपासलं. ज्यांची क्रेडिटं बाजारात वर्षानुवर्षं कुणी घेत नव्हतं, असे कितीतरी जुने प्रकल्प टोकनच्या मागणीमुळे अचानक जागे झाले होते. अभ्यासकांनी त्यांना ‘झोंबी’ म्हटलं. गंमत म्हणजे ब्लॉकचेनवर यातली एकही नोंद खोटी नव्हती. आपला डिजिटल सहीचा सातबाराच घ्या. त्यावर विहिरीची नोंद असते, ती अस्सलही असते. विहिरीत पाणी आहे का, हे मात्र बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. आणि कागदावर खणलेल्या विहिरी आपल्याला नव्या नाहीत.

२५ मे २०२२ रोजी व्हेरानं रिटायर झालेल्या क्रेडिटवर टोकन काढायला बंदी घातली. तिचं म्हणणं साधं होतं : रिटायर म्हणजे त्या टनाचा लाभ कुणीतरी घेऊन टाकला, मग त्याच्याच नावावर पुढे व्यवहार कसले?

बांधावर जाऊन टन मोजतात कसा, मोजणाऱ्याला पैसे कोण देतं आणि प्रकल्प नसता तर काय झालं असतं हे ठरवतं कोण, ते पुढच्या भागात.