कापड आटते, आळ शिंप्यावर!

जून उजाडला की मिरजेच्या बाजारात गणवेशाच्या कापडासाठी झुंबड उडते. आसपासच्या गावांतून आलेली माणसे खत-बियाण्याच्या खरेदीतच पोरांचे कापडही उरकून घेतात. सदरा शिवून होतो, अंगाला बरोबर बसतो. श्रावणापर्यंत चार-सहा धुणी होतात आणि तोच सदरा कमरेच्या वर चढतो. आजी म्हणते, पोर वाढले. आई म्हणते, शिंप्याने कापड खाल्ले. शिंपी शपथा घेतो, पण पुढच्या सणाला शिलाई दुसऱ्याकडे जाते. पुष्कळ वेळा शिंपी खरेच बोलत असतो. कापड आटलेले असते.

दूध आटते, विहीर आटते, तसे सुती कापडही आटते. फरक एवढाच, की दुधातून पाणी उडून जाते. कापडातून मात्र काहीच जात नाही. गोठ्यातले दावे पावसात भिजले की आखडते आणि गाठ सुटता सुटत नाही, हे आपण पाहतोच. सुताचेही तसेच. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पुढे धुलाई आणि रंगाईतही शेकडो मीटर कापड लांबीकडूनच ओढले जाते. ते घरी पहिल्यांदा सैलपणे भिजले, की आडवे धागे पाणी पिऊन फुगतात. उभ्या धाग्यांना त्यांच्यावरून मोठा वळसा घ्यावा लागतो आणि तेवढी लांबी घटते. म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. संस्कार न केलेले सुती कापड शंभरात आठ-दहा भागही आटू शकते. अडीच मीटरला हिशेब केला, तर वीतभर कापड गेले!

यावरचा इलाज म्हणजे ‘सॅन्फोराइज्ड’. साठ-सत्तरच्या दशकांत गिरण्यांच्या कापडावर आणि जाहिरातींत हा शब्द सर्रास दिसे. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘भारी कापड’ असाच झाला. दुकानदारही ‘सॅन्फोराइज आहे, बिनघोर न्या’ म्हणू लागले. वास्तविक या शब्दाचा कापडाच्या भारीपणाशी काही संबंध नाही.

अमेरिकेतील ट्रॉय या गावी सदऱ्याच्या सुट्या कॉलर बनवणारी क्लुएट पीबॉडी नावाची कंपनी होती. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना शिवलेल्या कॉलरचे मऊ सदरे आवडू लागले. पण धुतल्यावर कॉलर आटून गळ्याला काच बसे. तेव्हा कंपनीतील सॅन्फोर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आटवून घेण्याची रीत काढली. १९३० साली तिचे पेटंट झाले आणि त्यांच्याच नावावरून हा शब्द आला.

रीत मोठी गमतीची आहे. टायरच्या चपलेचा जाड तुकडा वाकवून पाहा. बाहेरची बाजू ताणते, सरळ केला की ती पुन्हा आखडते. यंत्रात असाच जाड रबरी पट्टा रुळावरून फिरतो. वाफेने ओलसर केलेले कापड त्याच्या ताणलेल्या बाजूवर दाबून बसवतात. पट्टा आखडला की कापडही त्याच्याबरोबर आखडते, आणि लगेच गरम रुळावर ते वाळवून पक्के करतात. धुण्यात जे पुढे व्हायचे, ते आधीच होऊन जाते. यानंतर कापड शंभरात एका भागापेक्षा जास्त आटणार नाही, अशी खात्री असेल तरच हे नाव छापायचे, अशी कंपनीची अट होती. नाव नोंदलेले असल्याने परवान्यावाचून ते छापता येत नाही. म्हणून तशाच यंत्रातून काढलेल्या पुष्कळ कापडाला ‘प्री-श्रंक’ म्हणतात. धंद्यातली माणसे ‘झिरो-झिरो’ म्हणतात.

मिरजेजवळच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज तिथे हजारो माग खडखडतात. पण मागावरून उतरते ते कोरे कापड. त्यावर पुढे प्रोसेसमध्ये काय केले, यावर त्याचे आटणे ठरते. एकाच मागावरचे दोन तागे निरनिराळे वागू शकतात, ते यामुळेच. ‘मर्सराइज्ड’ हा शब्द दिसला तर फसू नका. कॉस्टिक सोड्याने सुताला चकाकी व बळकटी आणल्याची ती खूण आहे, न आटण्याची नव्हे. टेरिकॉट कमी आटते, कारण त्यातला कृत्रिम धागा पाणी फारसे पीत नाही. हातमागाची खादी मात्र आटणारच, असे धरून चालावे.

शिक्का नसेल, किंवा असूनही विश्वास बसत नसेल, तर पारख घरीच करता येते. कापडाच्या लांबीत बरोबर ५० सेंटिमीटरवर दोन टाके घाला. सबंध कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. गडद रंगाचे असेल तर वेगळे भिजवा. सकाळी न पिळता, न ताणता सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. अंतर ४६ भरले, तर कापड शंभरात आठ भाग आटले. खळ फार असेल तर तीही याच पाण्यात उतरते आणि दाट वाटलेले कापड विरविरीत निघते. दुकानातच दोन्ही हातांत चोळून पाहिले आणि पांढरी भुकटी पडली, तर खळ भरपूर आहे असे समजावे.

भिजवून वाळवलेले कापडच शिंप्याकडे द्यावे. माप त्याच्यासमोर घ्यावे आणि खालच्या दुमडीत तीन बोटे जास्त सोडायला सांगावे, कारण काही कापडे दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही थोडी आटतात.