शेजारचा देश अभ्यासायचा कसा? श्रीलंकेच्या निमित्ताने

श्रीलंकेचा विषय आपल्याकडे निघतो तो रामायणावरून, क्रिकेटवरून, नाहीतर प्रभाकरनच्या युद्धावरून. तिन्ही वाटा आपल्याच अंगणातून निघतात आणि फिरून तिथेच येतात. शेजारचा देश खरोखर अभ्यासायचा तर प्रश्न त्या देशाच्या आतला घ्यावा लागतो आणि तो प्रश्न ज्या विद्याशाखेकडे नेईल तिकडे जायची तयारी ठेवावी लागते.

असा एक प्रश्न घेऊ. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, स्वतंत्र झाला. त्याच वर्षी झालेल्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांवर राबणारी सुमारे सात लाख तमिळ माणसे नागरिकत्वाबाहेर ठेवली. असे का झाले?

पहिली धाव साहजिकच कायद्याच्या पुस्तकाकडे. सिलोनमध्येच जन्मलेल्या माणसालाही आपल्या वडिलांचा, किंवा आजोबा-पणजोबा दोघांचाही, जन्म तिथलाच असल्याचे दाखवावे लागे. मळ्यावरच्या बहुतेक कुटुंबांकडे असा कागद नव्हता. अट कळली, पण ती घातली कशासाठी हे कायदा सांगत नाही. ते सांगते राज्यशास्त्र. १९४७च्या निवडणुकीत मळ्यांच्या भागातून सिलोन इंडियन काँग्रेसचे उमेदवार निवडून आले होते आणि इतर काही मतदारसंघांत मळ्यांवरच्या मजुरांची मते डाव्यांच्या पारड्यात पडली होती. नव्या सरकारला ही मते नको होती. याच प्रश्नावर मळ्यांबाहेरच्या तमिळांचा पक्षही फुटला: त्याचे नेते पोन्नंबलम सरकारसोबत गेले, तर चेल्वनायकम यांनी बाहेर पडून १९४९मध्ये फेडरल पक्ष काढला. ‘श्रीलंकेतले तमिळ’ असा एकच गठ्ठा मनात धरून चालणाऱ्याची इथेच पहिली अडचण होते.

तरीही पिढ्यान्पिढ्या एका जागी राबलेली माणसे परकी ठरली कशी, हे मतांच्या आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी, ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण वनस्पतिशास्त्राकडे वळावे लागते.

सिलोनच्या डोंगरांत आधी चहा नव्हता, कॉफी होती. कॉफीला माणसांची खरी गरज वर्षातले काही महिनेच, फळे तोडण्यापुरती. मदुराई, तिरुचिरापल्ली, तिरुनेलवेली भागातले मजूर मन्नारच्या किनाऱ्याला उतरत, जंगलातून पायी डोंगरातल्या मातलेकडे चढत आणि हंगाम संपला की त्यांतले बरेचसे गावी परतत. १८६९मध्ये कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटी दिसू लागली. हेमिलिया व्हास्टाट्रिक्स नावाच्या बुरशीचा हा तांबेरा. वीसेक वर्षांत कॉफीचे मळे बसले. जेम्स टेलरने १८६७मध्ये कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात चहा लावलेला होताच, बागायतदार तिकडे वळले. चहाचे काम मात्र वेगळे. कोवळी पाने वर्षभर, थोड्या थोड्या दिवसांनी खुडत राहावी लागतात आणि खुडणाऱ्या बहुतेक बायका. हंगामी गडी येऊन भागेना, सगळे कुटुंबच मळ्यावर राहायला आले. हंगामी मजुराचा कायमचा रहिवासी झाला. १९४८च्या कायद्याची मुळे शोधायची तर या तांबेऱ्यापर्यंत मागे जावे लागते.

पण रहिवासी झालेला माणूस शेजारच्या गावात मिसळला का नाही? इथे आर्थिक इतिहासकाराची कागदपत्रे उपयोगी पडतात. मजूर आणायचा तो कंगाणी, बहुधा त्यांच्याच गावाकडचा आणि नात्यातला. प्रवासखर्च आणि उचल त्याच्याकडून, म्हणून मळ्यावर पाऊल ठेवायच्या आधीच मजूर कर्जात. ‘तुंडू’ नावाच्या चिठ्ठीवर हे कर्ज लिहिलेले असे. मळा सोडायचा तर तुंडू हवा, आणि नव्या मळ्याने ते कर्ज फेडायचे कबूल केले तरच तिथे काम. १९२१मध्ये कायद्याने तुंडू बंद झाला, तोवर माणूस कागदाच्या तुकड्याने मळ्याला बांधला गेला होता. दरम्यान जनगणनेनेही आपले काम केले होते. १९११पासून ‘सिलोन तमिळ’ आणि ‘भारतीय तमिळ’ असे दोन वेगळे रकाने आले. लोकसंख्याशास्त्र शिकणाऱ्याने आकड्यांआधी रकाने वाचावेत असे मला वाटते. कारण मोजायच्या सोयीसाठी पाडलेली ही फट पुढे कायद्याला आयतीच मिळाली.

या सगळ्या कागदांत मजूर स्वतः कुठे बोलतच नाही. बागायतदारांच्या नोंदींत तो हजेरीचा आकडा असतो. त्याचे ऐकायचे तर मानववंशशास्त्रज्ञासारखे ‘लयम’मध्ये, म्हणजे एका रांगेत बांधलेल्या एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत, जाऊन बसावे लागते आणि मळ्यावरची गाणी ऐकावी लागतात. सी. व्ही. वेलुपिल्लै यांनी ती जमवली. हे गृहस्थ १९४७मध्ये तलवाकेल्लेतून संसदेत निवडून गेलेले आणि स्वतः कवी. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला ते खासदार म्हणून भेटतात, साहित्याच्या अभ्यासकाला कवी म्हणून. त्यांचे आयुष्य एकसंध समजायचे तर दोघांनी एकमेकांची टिपणे वाचली पाहिजेत.

गोष्टीचा उरलेला भाग भारतात आहे. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांमधल्या १९६४च्या सिरिमा-शास्त्री करारात या नागरिकत्व नसलेल्यांपैकी ५ लाख २५ हजार माणसे भारताने आणि ३ लाख सिलोनने घ्यायची ठरली. उरलेली दीड लाख १९७४मध्ये निम्मी-निम्मी वाटली गेली. ज्यांचा जन्म कधी भारतात झालाच नव्हता अशी कुटुंबे ‘परत’ आली. तमिळनाडू सरकारने त्यांच्यासाठी निलगिरीत चहाचे मळे उभारले आणि ती पुन्हा पाने खुडू लागली. श्रीलंकेत उरलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न २००३च्या कायद्यापर्यंत रेंगाळला.

एवढे हिंडून कळते ते हे, की विद्याशाखा जोडायच्या म्हणजे प्रत्येकीचा एकेक परिच्छेद शेजारी शेजारी मांडायचा नव्हे. एकीला जिथे उत्तर सापडत नाही तिथून दुसरीने पुढे जायचे. कधी हा प्रवास समुद्र ओलांडूनही होतो. १८३७मध्ये भारतात जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, पण शिलालेखांतला ‘पियदसि’ राजा कोण हे त्याला कळेना. तो कोणी सिंहली राजा असावा असाही त्याचा तर्क झाला. उत्तर आले सिलोनमधल्या जॉर्ज टर्नरकडून: दीपवंस या पाली बखरीत पियदस्सि म्हणजे अशोक. आपल्या सम्राटाची ओळख शेजाऱ्याच्या बखरीतून पटली.

ती बखर वाचायला पाली यायला हवी, आणि मराठी वाचकाला ही वाट नवी नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२मध्ये कोलंबोला पोहोचले, विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या विद्यालयात, सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले आणि पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी ती शिकवली. आजही महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला श्रीलंकेकडे जायची सर्वांत जवळची वाट पालीचीच आहे. मात्र पालीने जुना बौद्ध इतिहास उघडतो. संसदेतली भाषणे आणि वर्तमानपत्रे वाचायला सिंहली लागेल, आणि लयममधले गाणे समजायला तमिळ. निदान दोन भाषांची तयारी हवी, आणि ती पहिल्या वर्षापासूनच सुरू करावी.