दोनशेची गाडी दोन हजारांना?

अमरावतीचा राजकमल चौक घ्या नाहीतर अकोल्याचा टिळक रोड. खेळण्यांच्या दुकानात हॉट व्हील्सच्या गाड्या टांगलेल्या असतात तिथे हल्ली पोट्ट्यांपेक्षा त्यांचे बापच जास्त रेंगाळतात. पाकिटावरची किंमत दोनशे रुपयांच्या आतबाहेर. तीच गाडी संध्याकाळी इन्स्टाग्रामवर कुणीतरी दोन हजारांना काढलेली दिसते, खाली 'रेअर' असा शिक्का. हौशी माणूस मग पेचात पडतो: दुकानदार अडाणी, की विकणारा लबाड?

बहुतेकदा दोन्ही नाही. दुर्मीळ गाडी कंपनीच महाग विकत असेल, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. हॉट व्हील्स बनवणाऱ्या मॅटेलने १९९५ पासून 'ट्रेझर हंट' गाड्या काढल्या आणि २००७ पासून त्यातला 'सुपर' हा आणखी विरळा प्रकार आणला. रबरी टायर आणि चकचकीत खास रंग ही त्याची खूण. पण या गाड्या साध्या गाड्यांच्याच खोक्यातून, त्याच छापील किमतीला येतात. म्हणजे वरचे अठराशे रुपये मॅटेलला जात नाहीत. खोकं फुटलं तेव्हा जो हजर होता त्याच्या खिशात जातात. ही त्याच्या चपळाईची मजुरी. ती द्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आपण ती देतोय हे माहीत असावं. टायर बदलून साध्या गाडीची 'सुपर' करणारे कारागीरही आहेत, म्हणून नुसत्या फोटोवर पैसे पाठवू नयेत. आणि दुकानदारच 'रेअर आहे, वर तीनशे पडतील' म्हणाला, तर पावती मागावी. पाकिटबंद माल छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकायला २०११ च्या वैधमापन नियमांची मनाई आहे.

दुसरा घोळ गाडीच्या बुडाशी असतो. तिथे १९९८ कोरलेलं दिसलं की विकणारा 'पंचवीस वर्षं जुना माल' म्हणून भाव चढवतो. ते साल त्या साच्याच्या हक्काचं असतं, गाडी बनल्याचं नव्हे. एकच साचा कंपनी वर्षानुवर्षं वापरते; मागच्या वर्षी मलेशियात बनलेल्या गाडीवरही १९९८ असू शकतं. अलीकडच्या गाड्या कधी बनल्या हे बुडावरच्या छोट्या संकेतावरून कळतं. त्यात एक अक्षर आणि दोन आकडे असतात: अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे.

पण खरोखरच जुनं असेल तर? इथे वऱ्हाडातल्या घरांच्या माळ्यांचा विषय निघतो. सुटकेसींसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्लो प्लास्ट कंपनीने ऐंशीच्या दशकात 'लिओ' नावाखाली मॅटेलची खेळणी भारतात बनवली. ही-मॅनचं सैन्य आपल्याकडे आलं ते तिथून. १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलने हॅस्ब्रोच्या साच्यांतून जी.आय. जो सैनिक काढले. परदेशी संग्राहक आज ही भारतीय खेळणी आवर्जून शोधतात, कारण त्यांचे रंग आणि पुठ्ठ्यावरची छपाई मूळ अमेरिकी मालापेक्षा वेगळी आहे. हे ऐकून माळा उपसायला घेणाऱ्यांनी थोडं थांबावं. मागणी आहे ती पुठ्ठ्यासकट, बंदूक-तलवारीसकट टिकलेल्या नगाला. आपल्याकडच्या लेकरांनी ही खेळणी खेळून खेळून खिळखिळी केली (आणि त्यासाठीच ती होती). जी.आय. जोचं कंबरडं एका बारीक रबरी कडीवर तोललेलं असतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा टिनाखालच्या माळ्यावर त्या रबराचं काय होत असेल ते सांगायला नको. हात तुटलेला, हत्यार हरवलेला ही-मॅन चाळीस वर्षांचा असला तरी भाव बेताचाच.

इंटरनेटवर कुणी तोच नग पाचशे डॉलरला लावलाय, हाही पुरावा नाही. मागायला कुणी काहीही मागेल. ईबेवर 'विकले गेलेले' नग वेगळे पाहता येतात. भाव तिथला धरावा, तोही एका सौद्याचा नाही, चार-पाच सौद्यांचा. डॉलरला थेट रुपयांनी गुणूनही चालत नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर जीएसटी, त्यावर कुरियर. बाहेरून मागवताना हे सगळं चढतं. बाहेर विकायला गेलं की संकेतस्थळाचं कमिशन आणि टपालखर्च वजा होतो.

'ठेवून द्या, सोन्यासारखं वाढेल' असं सांगणाऱ्यांना बीनी बेबीजची आठवण करून द्यावी. टाय कंपनीच्या या कापडी प्राण्यांवर नव्वदच्या दशकात अमेरिका इतकी वेडी झाली, की १९९९ मध्ये लास वेगासच्या एका घटस्फोटित जोडप्याने कोर्टाच्या फरशीवर बसून त्यांची वाटणी केली. नंतर बाजार कोसळला. लबुबू बाहुल्यांचंही तसंच. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढा एक लबुबू १०.८ लाख युआनला, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या आसपास गेला. त्याच महिन्यात त्या बनवणाऱ्या पॉप मार्टने माल वाढवला आणि साध्या लबुबूंचे चढे भाव घसरले. कारखाना चालू असेतोवर टंचाई ही कंपनीच्या मर्जीवर असते, हे खरेदीदार सोयीस्कर विसरतो.

आता ज्यावर छापील किंमत नाही, इंटरनेटवर भाव नाही, असं एक खेळणं वऱ्हाडातच आहे: तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं बैल सजवून घरोघर फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळवतात. आजोबांचा बैल नातवाकडे येतो, फार तर चाकं नवी बसतात. असे बैल घराबाहेर फारसे पडतच नाहीत, त्यामुळे 'अँटिक' म्हणून कुणी भाव सांगितला तर तो त्याने मनानेच ठरवलेला असण्याची शक्यता जास्त. पारखायचं ते लाकूड आणि काम: सागवान की रंगाखाली दडवलेलं हलकं लाकूड, अंग अखंड की सांधलेलं, शिंगं कोरलेली की ठोकलेली, आस सरळ फिरतो की नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी लेकरू सोबत घेऊन घासाघीस करण्यात अर्थ नसतो. पोळा उलटल्यावर सुताराकडे गिऱ्हाईक नसतं, त्याला बोलायला वेळ असतो, आणि पुढच्या वर्षीचा बैल लाकूड निवडून घडवून घेता येतो.