जुन्या ट्रॅक्टरच्या पिस्टनची धांव वाढविणें : लाभ किती, धोका किती

जुन्या ट्रॅक्टरची ताकद वाढवावयाची तर त्याच्या क्रँकशाफ्टमध्यें फेरफार करून पिस्टनची धांव, म्हणजे जिला कारखान्यांत स्ट्रोक म्हणतात ती, लांबवावी, ही युक्ति अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. ओझें ओढण्याच्या ट्रॅक्टर-शर्यती तेथें १९२९ सालापासून होत आल्या आहेत, आणि त्यांत उतरणाऱ्या कित्येक जुन्या यंत्रांचे क्रँक मूळचे राहिलेले नसतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गोठ्याशेजारीं जुना ट्रॅक्टर उभा आहे, त्यांच्याहि मनांत हा मोह उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. म्हणून या युक्तीनें काय मिळतें व त्यासाठीं काय द्यावें लागतें, याचा हिशेब येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्रँकशाफ्ट ज्या अक्षाभोंवतीं फिरतो त्यापासून क्रँकपिनचा मध्य जितका दूर, त्याच्या दुप्पट पिस्टनची धांव असते. पिन पाव इंच बाहेर सरकली कीं धांव अर्धा इंच वाढली. कारखान्यानेंच घालून दिलेलें याचें उदाहरण ॲलिस-चामर्स कंपनीचें आहे. १९४८ सालीं निघालेल्या तिच्या ‘डब्ल्यूडी’ ट्रॅक्टरच्या चारहि सिलिंडरांचा व्यास ४ इंच व धांव ४ इंच होती. एकूण घनफळ २०१ घनइंच. १९५३ सालच्या ‘डब्ल्यूडी-४५’ मध्यें व्यास तोच ठेवून धांव साडेचार इंच केली, तेव्हां घनफळ २२६ घनइंच झालें. ही वाढ शेंकडा साडेबारा होय. मात्र कंपनीनें नुसता क्रँक बदलला नाहीं; पिस्टनच्या माथ्याचा आकारहि त्याबरोबर नवा घडविला.

कित्येक मिस्त्री सांगतात कीं, तरफ लांबली म्हणून जोर वाढला. हें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. लांब धांवेबरोबर सिलिंडरांत हवा व इंधन अधिक आलें तरच वाढलेला जोर टिकतो. झडपा, कार्बोरेटर व हवेची गाळणी जुन्याच मापाची राहिली, तर मंद गतीला फरक जाणवेल, आणि फेरे वाढूं लागले कीं तो लाभ कमी कमी होत जाईल. नांगरटीला मंद गतीचा जोरच हवा असतो, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

धांवेबरोबर दाबाचें प्रमाणहि वाढतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पिस्टन पूर्वीइतकाच उंच थांबतो असें धरलें, तर जेथें तें प्रमाण ५ ला १ होतें, तेथें साडेबारा टक्के वाढीनंतर साडेपांचाला १ होईल. पेट्रोलला तें सोसेल. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांत ठोके पडूं लागण्याचा संभव आहे. शिवाय पिस्टन पूर्वीइतकाच उंच थांबावा यासाठींहि तजवीज करावी लागतेच. पिन पाव इंच बाहेर गेली म्हणजे पिस्टन पाव इंच अधिक वर चढणार. त्यास आवरण्यास कनेक्टिंग रॉड तेवढा आखूड हवा, नाहीं तर पिस्टनमधील गजनपिनचें भोंक तेवढें वर हवें.

आतां क्रँक आणावयाचा कोठून? सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्याच घराण्यांतील नंतरच्या यंत्राचा तयार क्रँकशाफ्ट घेणें. डब्ल्यूडीच्या ब्लॉकांत डब्ल्यूडी-४५ चा क्रँक बसविणारे अमेरिकेंत पुष्कळ आहेत. त्यासोबत रॉड व पिस्टन त्याच इंजिनचे जोडीनें घ्यावे. ॲलिस-चामर्सनें आपला शेतीयंत्रांचा धंदा १९८५ सालीं विकला, त्यामुळें असा जोड मोडींत काढलेल्या यंत्रांतूनच शोधावा लागतो.

दुसरा मार्ग ग्राइंडिंगचा. आपल्याकडे झिजलेली पिन दहावीस हजारांश इंच घांसून अंडरसाइज बेअरिंग टाकतात. तेथें पिनचा मध्य जागचा हलूं न देणें हीच कारागिराची परीक्षा. येथें तो मध्य मुद्दाम बाहेर सरकवावयाचा असतो. सव्वादोन इंच व्यासाची पिन दोन इंचांची केली, तर मध्य फार तर अष्टमांश इंच सरकेल व धांव पाव इंच वाढेल. त्या बारीक पिनेसाठीं लहान तोंडाचे रॉड शोधावे लागतात. मुख्य जर्नल व पिन यांचे जे भाग समोरून पाहतां एकमेकांवर येतात, त्यांतच क्रँकचें बळ असतें. पिन बारीक झाली व दूरहि गेली म्हणजे तें दोन्हीकडून घटतें. पिनच्या मुळाशीं गोलाई न ठेवतां धारदार कोपरा राहिला तर तडा तेथूनच जातो. तिसरा मार्ग पिनच्या बाहेरच्या अंगास वेल्डिंगनें धातु चढवून मग ती घांसण्याचा. वेल्डिंगच्या उष्णतेनें क्रँक वांकतो आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा पडतात. चुंबकीय तपासणी केल्यावांचून असा क्रँक इंजिनांत घालूं नये.

१४०० फेऱ्यांवर ४ इंच धांवेचा पिस्टन मिनिटाला सरासरी ९३३ फूट चालतो, साडेचार इंचांचा १०५० फूट. पिस्टनच्या जडत्वाचा हिसका बेअरिंगवर अष्टमांशानें अधिक येतो. क्लच व गिअर तर जुनेच राहतात.

ज्या ट्रॅक्टरवर घरची पेरणी अवलंबून आहे, त्यास आमच्या मतें पहिल्या मार्गावांचून दुसरा मार्ग लावूं नये. वेल्डिंगचा क्रँक शर्यतवाल्यांना शोभतो. स्लीव्ह व पिस्टन झिजून बदलावयाचेच असतील आणि जाड मापाचा जोड मिळत असेल, तर ४ इंचांचा व्यास अष्टमांश इंचानें वाढवून शेंकडा सव्वासहा घनफळ मिळतें. क्रँकला हातहि लागत नाहीं. दुकानदार सांगेल त्या अश्वशक्तीवर मात्र विसंबूं नये. अमेरिकेंतील नेब्रास्का राज्यानें १९१९ सालीं कायदा करून नव्या जातीच्या ट्रॅक्टरची विक्रीपूर्वीं परीक्षा सक्तीची केली, ती असल्याच फुगविलेल्या आंकड्यांना कंटाळून. फेरफारापूर्वीं व नंतर त्याच शेतांत, त्याच नांगरानें, त्याच खोलीवर किती तेलांत किती जमीन झाली हें मोजलें तरी पुरे.

एवढेंहि करून कोणीं क्रँक बदललाच, तर तेलाची टांकी लावण्यापूर्वीं इंजिन हातानें पूर्ण दोन फेरे फिरवावें. रॉड कॅमशाफ्टला किंवा ब्लॉकच्या कडेला घांसतो काय, पिस्टनचा खालचा कांठ क्रँकच्या वजनाला लागतो काय, हें प्रत्येक सिलिंडरमध्यें दिवा धरून पाहावें. पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीची चकती ठेवून हेड जुन्याच जाडीच्या गॅस्केटसह आवळावें, फिरवून उघडावें आणि झडपेखालीं माती किती जाड उरली तें मोजावें. माती फाटून खालचा धातु दिसला, तर तें इंजिन सुरू करूं नये.