गोळी की सुई? – औषधाचा रासायनिक स्वभाव आणि त्याचा गुण

ग्रामीण भागातील दवाखान्यात एक दृश्य नेहमी पाहावयास मिळते. तापाने आजारी असलेल्या रुग्णाच्या हाती गोळ्यांची पुडी पडते, पण त्याचे समाधान होत नाही. ‘डॉक्टरसाहेब, एक सुई द्या’ असा त्याचा आग्रह असतो. सुई म्हणजे जोरकस औषध आणि गोळी म्हणजे दुय्यम औषध, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः एखादे औषध तोंडाने द्यावयाचे की सुईने, जेवणापूर्वी की जेवणानंतर, हे मुख्यतः त्या औषधाच्या रासायनिक गुणधर्मांवरून ठरते. हे गुणधर्म स्थूलमानाने समजून घेतल्यास वैद्यकीय सूचनांमागील कारण ध्यानी येते आणि त्या पाळण्याची प्रवृत्तीही वाढते.

रक्तापर्यंतची वाट

पोटात गेलेली गोळी प्रथम पाण्यात विरघळावी लागते. न विरघळलेला कण आतड्याच्या आवरणातून पलीकडे जाऊ शकत नाही. परंतु तेवढ्याने भागत नाही. आतड्यातील पेशींचे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे असते. ते ओलांडण्यासाठी औषधाच्या रेणूला स्निग्ध पदार्थातही काही प्रमाणात मिसळता आले पाहिजे. या दोन्ही गुणांचा मेळ ज्या औषधात असतो, ते तोंडाने घेतले तरी रक्तात चांगले मिसळते. तापावरील पॅरासिटामॉल हे याचे परिचित उदाहरण होय. ज्या रुग्णास गोळी गिळता येते आणि उलट्या होत नाहीत, त्याच्या साध्या तापात सुईने काही विशेष साधत नाही. उलट सुई निर्जंतुक नसेल तर गळू होण्याची आणि काविळीसारख्या रोगाचे विषाणू शरीरात शिरण्याची भीती मात्र असते.

आम्लाची कसोटी

मग काही औषधे सुईनेच का देतात? पेनिसिलिनचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये लंडन येथे या प्रतिजैविकाचा शोध लावला. भारतात त्याच्या उत्पादनासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जीवाणूंची भिंत उभारणाऱ्या एन्झाइमला हे कडे जखडून टाकते आणि जीवाणू नष्ट होतो. परंतु ‘पेनिसिलिन जी’ या मूळ प्रकारातील हेच कडे जठरातील आम्लामुळे फुटते. म्हणून ते सुईने द्यावे लागते. पुढे रेणूच्या एका बाजूच्या साखळीत बदल करून आम्लात टिकणारे ‘पेनिसिलिन व्ही’ तयार झाले आणि ते गोळीच्या रूपात देता येऊ लागले. रासायनिक घडणीतील एवढ्याशा फरकाने औषधाचा मार्ग बदलला.

सर्पदंशावरील प्रतिविषाची गोष्ट याहून वेगळी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरील भारतातील प्रतिविष घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून तयार करतात. प्रतिपिंड ही मोठ्या आकाराची प्रथिने होत. ती पोटात गेल्यास डाळीतील प्रथिनांप्रमाणे पचून जातील. म्हणून प्रतिविष शिरेतूनच आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवून द्यावे लागते. सर्पदंशावर पोटात घ्यावयाचे औषध देतो असे सांगणाऱ्याकडे वेळ दवडणे म्हणजे रुग्णाचा जीव धोक्यात घालणे होय. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पोहोचविणे हाच खरा उपाय आहे.

शाळेतील दोन गोळ्या

प्रत्येक औषध रक्तात जावे अशीच अपेक्षा असते असेही नाही. शाळांतून दिली जाणारी अल्बेंडाझोल ही जंतनाशक गोळी पाण्यात फारच कमी विरघळते. त्यामुळे तिचा मोठा भाग आतड्यातच राहतो, आणि जंतांचे ठाणेही तेथेच असते. येथे अविद्राव्यता हा दोष न ठरता गुण ठरतो. हेच औषध यकृतातील जंतुकोषासारख्या विकारावर वापरताना मात्र स्निग्ध आहाराबरोबर देतात, कारण तेव्हा ते रक्तात उतरणे आवश्यक असते.

लोहाच्या गोळीचे गणित याच्या उलट आहे. तिच्यातील लोह विरघळलेल्या स्थितीत राहिले तरच शरीरास लाभते. चहातील टॅनिन आणि दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, तर लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्यास साहाय्य करते. उपाशीपोटी लोह अधिक शोषले जाते हे खरे; परंतु त्याने मळमळ होते आणि मुले गोळी टाळू लागतात. म्हणून शाळेत ती जेवणानंतर देतात. शौचास काळसर होणे हा न शोषलेल्या लोहाचा परिणाम असून त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

रंग पाहून उपचार सोडू नये

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध स्निग्ध पदार्थात सहज मिसळणारे आहे. त्यामुळे पेशींच्या आत दडलेल्या क्षयजंतूंपर्यंतही ते पोहोचते. अन्नामुळे त्याचे शोषण घटते, म्हणून ते शक्यतो उपाशीपोटी घेण्यास सांगतात. हा रेणू मूळचाच लाल-नारिंगी रंगाचा आहे. परिणामी लघवी, घाम व अश्रू यांना तो रंग येतो. ‘लघवीतून रक्त जाते’ असे समजून रुग्णाने औषध सोडले, तर उरलेले जंतू पुन्हा बळावतात, त्यांच्यावर औषध चालेनासे होण्याचा धोका निर्माण होतो आणि घरातील इतरांनाही लागण होऊ शकते. डोळे पिवळे होणे किंवा सतत उलट्या होणे ही लक्षणे मात्र निराळी; ती यकृताच्या त्रासाची असू शकतात व तेव्हा तत्काळ डॉक्टरांना दाखविले पाहिजे. रिफाम्पिसिनमुळे यकृतातील काही एन्झाइमांचे कार्यही वाढते आणि गर्भनिरोधक गोळ्यांसारखी औषधे लवकर नष्ट होतात. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे.

सूचनेमागील शास्त्र

‘उपाशीपोटी’, ‘चहाबरोबर नको’, ‘पूर्ण मुदत घ्या’ ही वाक्ये औषधाच्या रासायनिक स्वभावातून आलेली आहेत. शिक्षकांनी गोळी देताना एका वाक्यात तिचे कारण सांगितले आणि ग्रामसभेत क्षयरोगाच्या औषधाच्या रंगाविषयी चार शब्द बोलले गेले, तरी अनेक गैरसमज दूर होतील. औषध गावात पोहोचविण्याचे काम शासकीय यंत्रणा करते. ते योग्य रीतीने रुग्णाच्या पोटात जावे यासाठी मात्र गावातील जाणत्या माणसांचा शब्दच अधिक उपयोगी पडतो.