पाडव्याच्या रात्री आकाशातून काय गेले?

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. अमावस्या आदल्याच दिवशी झालेली. चंद्राची कोर अगदी बारीक आणि क्षितिजापाशी टेकलेली. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर, चंद्रपूर अशा लांबलचक पट्ट्यातील लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. लालसर-पिवळे जळते तुकडे एकामागोमाग एक, शेपट्या सोडत, वायव्येकडून आग्नेयेकडे सरकत गेले. मध्य प्रदेशातील झाबुआ, बडवानी भागातही ते दिसले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पेटले म्हणाले, कोणाला क्षेपणास्त्र वाटले. उडत्या तबकडीवाले तर नेहमीच तयार असतात! त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे पडलेले आढळले. नंतर आसपासच्या भागातून धातूचे काही गोळेही सापडले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी विचारले असणारच, 'सर, काय होतं ते?' अशा वेळी आपण चटकन एखादे नाव सांगून मोकळे होतो. त्याआधी एक साधा प्रश्न विचारून पाहू. नुसत्या डोळ्यांनी आपल्याला नक्की काय कळते?

कळतात त्या गोष्टी दोनच : वस्तू आकाशात किती अंश सरकली, आणि तिला किती वेळ लागला. ती किती दूर आहे, केवढी मोठी आहे, किती वेगाने चालली आहे, यांतले काहीही डोळा थेट सांगू शकत नाही. जमिनीवर अंतराचा अंदाज येतो, कारण मध्ये झाडे असतात, घरे असतात. आकाशात असा आधार नसतो. म्हणूनच 'आमच्या गावामागच्या टेकडीवरच पडलं' असे शंभर किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांतील माणसे तितक्याच खात्रीने सांगतात, आणि त्यातले कोणीही खोटे बोलत नसते. सुमारे ८० किलोमीटर उंचीवरची तेजस्वी वस्तू, क्षितिज मोकळे असेल तर, जवळजवळ हजार किलोमीटर दूरूनही दिसू शकते. जळगाव ते चंद्रपूर सर्वांना ती दिसली, एवढ्यावरूनच ती खूप उंचावर होती हे नक्की होते.

आता अंश मोजू. हात पुढे ताठ धरून मूठ वळली तर ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. करंगळी सुमारे एक अंश. मुलांची मूठ लहान असते, पण हातही आखूड असतो, त्यामुळे हिशेब जमतो. समजा १५० किलोमीटर अंतरावरची वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने आडवी चालली आहे. भागाकार केला तर ती सेकंदाला सुमारे ३ अंश सरकताना दिसेल. म्हणजे एक मूठ ओलांडायला तीन-साडेतीन सेकंद, आणि सगळे आकाश ओलांडायला मिनिट-दीड मिनिट. याउलट, सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने येणारी उल्का १०० किलोमीटरवर असेल तर ती सेकंदाला सुमारे १७ अंश कापते. 'अरे, ती बघ' म्हणेपर्यंत ती संपलेली असते.

उल्का संथ का असू शकत नाही? बाहेरून येणारी कोणतीही वस्तू पृथ्वीच्या ओढीमुळेच सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. कमाल वेग ७२ च्या आसपास जातो. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग मात्र आठ किलोमीटरच्या आतच असतो. पाडव्याची ती रांग लोकांना मोबाइल काढून चित्रण करण्याइतका वेळ दिसत राहिली. ती उल्का नव्हे, कक्षेतून खाली येणारी मानवनिर्मित वस्तू होती, हे इतक्या साध्या निरीक्षणावरून ठरवता येते. तुकड्यांची रांग हीही तिची खूणच. आडवी येणारी यंत्रवस्तू हळूहळू मोडते आणि हलके भाग मागे पडतात.

ती पेटते का? पुस्तकांत बहुतेकदा 'हवेच्या घर्षणामुळे' असे छापलेले असते. ते अपुरे आहे. एवढ्या वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते आणि या दाबण्यानेच भयंकर तापते. सायकलच्या पंपाचे तळचे टोक गरम होते, त्याचेच हे प्रचंड रूप. ऊर्जा किती, ते पाहा : सेकंदाला ७.८ किलोमीटर वेगाच्या एक किलो वस्तूची गतिज ऊर्जा सुमारे ३ कोटी जूल भरते. नळाचे नव्वदहून अधिक लिटर पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरेल. त्यातली बरीचशी हवेत जाते, तरीही ६६० अंशांना वितळणारे ॲल्युमिनियम टिकत नाही. टायटॅनियम १६६८ अंशांपर्यंत तग धरते. अग्निबाणातील दाबाच्या टाक्या टायटॅनियमच्या किंवा कार्बन धाग्यांनी गुंडाळलेल्या असतात, म्हणून असे गोळे जगभर सापडत आले आहेत.

मग ही वस्तू कोणाची? इथे एक गंमत झाली. त्याच संध्याकाळी, सुमारे दीड तास आधी, न्यूझीलंडमधून इलेक्ट्रॉन नावाचा अग्निबाण उडाला होता. वेळ जुळत असल्याने पहिला संशय त्याच्यावर गेला. पण इलेक्ट्रॉनचा व्यास जेमतेम १.२ मीटर. त्यातून तीन मीटरचे कडे कसे निघणार? एक फूटपट्टी घेतली असती तरी प्रश्न सुटला असता. नंतर कक्षांच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'चांग झेंग ३बी' अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच वेळी याच भागावरून खाली येत होता. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर! वर्षभराहून अधिक काळ तो लंबगोल कक्षेत फिरत होता आणि प्रत्येक फेरीत विरळ हवा त्याचा वेग थोडाथोडा खात होती.

नोंदीचे मोल किती, याचे आणखी एक उदाहरण लडाखचे. २०१२-१३ मध्ये तिथल्या सैनिकांना सीमेपलीकडे तेजस्वी ठिपके दिसत. ते चीनचे टेहळणी करणारे ड्रोन असावेत असे वाटले. सैनिकांनी तीनशेहून अधिक नोंदी ठेवल्या होत्या. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. हसण्यासारखे यात काही नाही. नोंदी होत्या म्हणून तर उत्तर मिळाले.

वर्गासाठी एक गणित देतो. समजा, तीच वस्तू त्याच क्षणी नागपुरातून बरोबर डोक्यावर दिसली आणि चंद्रपुरातून क्षितिजापासून ३२ अंशांवर. दोन शहरांमधले सरळ अंतर सुमारे १३० किलोमीटर धरा. ३२ अंशांचा टॅन सुमारे ०.६२, म्हणजे उंची साधारण ८० किलोमीटर. दहावीच्या त्रिकोणमितीत यापलीकडचे काही लागत नाही. मात्र घड्याळे जुळलेली हवीत आणि 'खूप वर' ऐवजी 'किती मुठी वर' असे लिहिलेले हवे. दिशा सांगताना घर, झाड, पाण्याची टाकी यांचा आधार घ्यावा. सकाळी तिथेच उभे राहून होकायंत्राने ती तपासता येते.

आणि शिवारात तुकडा सापडलाच तर? मुले आधी धावतात, हे आपल्याला ठाऊक आहे. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते, काहींत दाब. हात लावू नये, दुरून छायाचित्र घ्यावे, जवळ मोजमापाची एखादी ओळखीची वस्तू दिसेल असे पाहावे आणि पोलिसांना किंवा तहसीलदारांना कळवावे. तुकडा घरी नेण्याचा मोह होतो, पण आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याची मालकी ज्याने तो उडवला त्याच्याकडेच राहते, आणि नुकसानीची जबाबदारीही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला 'कॉसमॉस ९५४' उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळवले.