शेगडीची ज्योत काय सांगते?

पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. तिथे गावोगावचा माल येतो. गुळाची ढेप आली की व्यापारी आधी तिचा रंग बघतो. मिरचीचे पोते उघडले की रंग बघतो, वास घेतो. माल बोलत नाही. पण रंग आणि वास सारे सांगून जातात.

गॅसच्या शेगडीचेही तसेच आहे. तिचे दुखणे ज्योतीच्या रंगावरून कळते. मोठा धोका वासावरून कळतो.

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यानंतर खेड्यापाड्यांतही पुष्कळ घरी गॅस आला. चूल धुमसली तर फुंकणी घ्यावी, हे आईने शिकवले होते. शेगडी बिघडली तर काय करायचं? ते आता शिकू या.

ज्योत पिवळी झाली

चांगली ज्योत निळी असते. ज्योत पिवळी झाली, भांड्याचे बूड काळे पडू लागले, म्हणजे समजा की आगीला हवा कमी पडते आहे. चूल धुमसते तीही हवेवाचूनच! अशा वेळी गॅस पुरता जळत नाही. कष्टाचा पैसा वाया जातो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा.

मग उपाय काय? आधी टाकीचा रेग्युलेटर बंद करा. शेगडी गार होऊ द्या. बर्नर उचलून काढा. गरम पाण्यात साबण घालून धुवा. दूध, वरण उतू जाऊन भोके बुजलेली असतात. ती सुईने मोकळी करा. बर्नर पुरता वाळवा आणि नीट बसवा. शेगडीच्या आत हवा जाण्याची वाट असते. तिथे धूळ, कोळ्याचे जाळे साचले असेल तर मऊ ब्रशाने झाडा.

गॅस जिथून बाहेर येतो ते बारीक तोंड असते. मिस्त्री त्याला जेट म्हणतात. त्यात मात्र सुई घालू नका. ते भोक मोठे झाले तर ज्योत आणखी बिघडते.

ज्योत बारीक झाली, किंवा भप्प आवाज होतो

दोन्ही बाजूंची ज्योत बारीक झाली, तर टाकी संपत आली असेल. रबरी नळी कुठे दुमडली आहे का, तेही बघा. एकाच बाजूची बारीक असेल, तर तो बर्नर साफ करा. पेटवताना भप्प आवाज झाला, तर बर्नर वाकडा बसला असेल किंवा ओला असेल. एवढे करूनही दुरुस्त झाले नाही, तर एजन्सीचा मिस्त्री बोलवा.

गॅसचा वास आला

इथे घरगुती दुरुस्ती चालत नाही. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास घालतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. एका ठिणगीने भडका उडतो.

वास आला की घाबरू नका. असे करा :

काडी ओढू नका. पेटलेला दिवा, उदबत्ती, चूल असेल तर विझवा.
विजेचे बटण चालू करू नका, बंदही करू नका.
रेग्युलेटर बंद करा.
दारे-खिडक्या सताड उघडा.
लेकराबाळांना घेऊन बाहेर पडा.
बाहेर जाऊन 1906 या नंबरावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो.

काही जण गळती शोधायला काडी पेटवून बघतात. तसे कधीही करू नका! वास नसला, पण शंका असली, तर नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. लगेच रेग्युलेटर बंद करा आणि फोन करा.

रबरी नळीवर साल छापलेले असते. तुम्हाला आता वाचता येते, तर आजच वाचून बघा. पाच वर्षे झाली असतील तर नळी बदला. त्याआधी चिरली, कडक झाली, उंदराने कुरतडली, तरी बदला.

आणि आता लिहिताही येते. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा : 1906. घरातल्या पोरांकडूनही तो आकडा पाठ करून घ्या.